आजोबांच्या सिगारला दहापैकी किती?

मंडळी, दर वेळी मी इथे एका सिगारला गुण देतो, पण आज देता येणार नाहीत.

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, आजोबांची पलटण मोडली, तेव्हा मेसमधल्या शेवटच्या जेवणानंतर त्यांना दोन सिगार मिळाले. एक त्यांनी ओढला. त्याची कागदी पट्टी माझे बाबा, तेव्हा लहान होते, अंगठी म्हणून घालून फिरले. दुसरा तसाच राहिला. गेल्या महिन्यात तो बाबांनी माझ्याकडे दिला आणि मी डब्यात ठेवून त्याला हळूहळू ओलावा दिला.

आज सकाळी छतावर बसलो. चव नीट कळावी म्हणून चहासुद्धा घेतला नव्हता. पेटवला तेवढ्यात ऐंशी ओलांडलेले बाबा जिना चढून आले. इस्त्रीचा शर्ट, हातात खुर्ची.

"बाबा, आत्ता नको ना. बोलत बसलो की चव कळत नाही."

"अच्छा, अच्छा. आरामात कर तू," म्हणाले आणि खुर्ची घेऊन परत गेले.

वास फिका, शेवट कडू. मी तो संपवला आणि मनात चार गुण दिले.

खाली आई चिडलेली. "अरे, ते एक कश घ्यायला आले होते! तू मोठा झालास की हा दोघं मिळून ओढू, असं आजोबा त्यांना म्हणाले होते. त्याआधीच आजोबा गेले."

बाबांनी मी खाली आणलेल्या ॲशट्रेतली या सिगारची पट्टी उचलली, फुंकली, करंगळीत घालून पाहिली. ती पेरावरच अडकली.

"कसा होता रे?"

मला 'चार' म्हणवेना. तुम्ही काय सांगितलं असतं?