खर्च कोणाच्या नावावर?

माझ्या काकूने आयुष्यात एकही पावती फेकून दिली नाही, आणि एकही जागच्या जागी ठेवली नाही. मी स्वतः एका कंपनीत हिशेब बघते. त्यामुळे तिच्या पावत्या बघितल्या की माझं डोकंच फिरायचं.

काका खुर्च्या आणि सोफे दुरुस्त करतात. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. काकांच्या तोंडात दिवसभर बारीक खिळे धरलेले असतात, म्हणून ते बोलत नाहीत असं लोकांना वाटतं. खिळे नसले तरी ते बोलत नाहीत. बोलण्याचं सगळं खातं काकूकडे. गिऱ्हाइकाला कापड दाखवायचं, माप घ्यायचं, भाव ठरवायचा, उधारी बुडवू बघणाऱ्याला गोड बोलून शेंडी धरून आणायचं आणि वर हिशेबही ठेवायचा.

पण गेल्या वर्षी कर सल्लागाराने तो हिशेब परत पाठवला. यातून काही कळत नाही म्हणाला. म्हणून यंदा काकांनी जाहीर केलं, "हिशेब बाहेर देऊ. आणि गल्ल्यावर माणूस ठेवू एखादा. तू आता आराम कर."

झालं! काकूचा मला फोन. "आराम करू म्हणजे काय करू गं? भिंतीकडे बघत बसू? शनिवारी तो सल्लागार येतोय. त्याच्या आधी ये आणि त्याला कळेल असा खर्च कसा लावायचा ते मला शिकव. गल्ल्यामागची ती खुर्ची गेली ना, तर मी संपले बघ."

काकू कधी असं रडगाणं गात नाही. मी ऑफिस सुटल्यावर तडक दुकान गाठलं.

गल्ल्यामागच्या भिंतीवर तिने सोफ्याच्या उरलेल्या कापडाचे कप्पे शिवून टांगले होते. शिवण इतकी सुबक की पावत्यांवरचा माझा राग निम्मा उतरला. मग मी कप्प्यांवरची नावं वाचली आणि तो परत चढला. भाडं, वीज, माल असलं काही नाहीच. 'घरमालक', 'टेम्पोवाला', 'डॉक्टरीणबाई', 'भावजी', आणि सगळ्यांत फुगलेला कप्पा, 'आमचे हे'.

"काकू, हे काय आहे?"

"खर्च काय आकाशातून पडतो? प्रत्येक खर्चामागे कोणीतरी माणूस असतो. ज्याच्यामुळे झाला, त्याच्या नावावर."

"डॉक्टरीणबाईंमुळे काय झालं?"

"तीनदा रंग बदलला त्यांनी! कापड परत करायला येण्या-जाण्याचं भाडं कोणाच्या नावावर घालू, माझ्या?"

'आमचे हे' मध्ये विजेची बिलं होती, कारण काका दिवे घालवायला विसरतात. मोडलेल्या सुया होत्या. शिलाई मशीनच्या दुरुस्तीची पावती होती, कारण वेळेवर तेल घातलं नाही. काकांच्या चष्म्याचं बिलही त्यातच. मी कपाळावर हात मारला.

"अगं काकू, सरकारला 'आमचे हे' चालत नाही."

"मला तरी कुठे चालतं? निभावतेय ना!"

पडद्यामागून काकांचा खोकला ऐकू आला. तो हसण्याचा खोकला होता.

आम्ही सगळे कप्पे सतरंजीवर रिकामे केले. माल, वाहतूक, वीज, भाडं, दुरुस्ती, पगार असे ढीग घातले. घरखर्चाचा वेगळा. 'भावजी' म्हणजे काकांचे धाकटे भाऊ, ते रोज दुकानात येऊन पेपर वाचतात. त्यांचा चहा मी घरखर्चात टाकायला लागले, तर काकू म्हणाली, "गिऱ्हाईक आहेत ते. एकदा खुर्ची आणली होती."

"पैसे दिले?"

"नाही." मग तिनेच तो चहा मुकाट्याने घराकडे सरकवला. मुलीचं कपाट हलवलेल्या टेम्पोची पावतीही तिने आपणहून बाजूला काढली. "लेक माझी, दुकानाच्या गळ्यात कशाला?" एकदा मेख कळल्यावर तिचा हात असा चालायला लागला की मला नुसतं बघत बसावं लागलं.

शनिवारी सल्लागार आले. चष्मा नाकावर ओढून एकेक गठ्ठा चाळायला लागले. काकू तेच ते कापडाचे नमुने पुन्हा पुन्हा नीट लावत होती. ते बघून मला काकांचा मनापासून राग आला.

"यंदा छान लावलंय की! कोणी?"

"काकूने," मी म्हणाले.

"मग बाहेर कशाला देताय? ह्याच बघतील." काकूचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ते म्हणाले, "पण एक खर्च राहिलाय."

"शक्यच नाही!" काकू उसळली.

"पगारात फक्त शिलाईवाल्याचं नाव आहे. गिऱ्हाइकं, मापं, वसुली, हिशेब, हे सगळं जो करतो त्याचा पगार कुठाय?"

काकू हसायला लागली. "अहो, मी काय खर्च आहे का?"

"काम करता ना? मग पगार लागतो, वहिनी."

काकांनी हातोडी खाली ठेवली. "किती लावायचा?"

"सोपं आहे. ह्यांच्या जागी दुसरं माणूस ठेवलंत, तर त्याला जेवढा द्याल तेवढा."

काका विचारात पडले. त्यांनी दुकानभर नजर फिरवली, काकूकडे बघितलं, आणि मग त्यांच्या मानाने फारच मोठं भाषण केलं. "ते काही जमायचं नाही साहेब. हिच्या जागी ठेवायला माणूस मिळणार कुठे?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"चहा टाकते," म्हणत काकू घाईघाईने पडद्याआड गेली. चहा यायला बराच वेळ लागला. आम्ही कोणीच तिला हाक मारली नाही.