वंदीचा डबा

"वंदी गेली गं," एवढंच बोलून काकूने फोन ठेवला. मी भिसेगावच्या घरात भाजी चिरत होते. रडू नंतर आलं, आधी आला तो संताप... तिच्या गळ्यातल्या गाठींचा, आणि त्याहून जास्त माझ्या सख्ख्या काकाचा. मेलेल्या माणसाच्या दारी राग घेऊन जाऊ नये म्हणतात. मी घेऊन गेले.

वंदी माझी चुलत बहीण. पोशीरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. लहानपणापासून तिचा आवाज बसलेला, पुढे श्वासही शिट्टीसारखा वाजू लागला. काकाने तिला भगताकडे नेलं. दोघांनी हात दाबून धरले आणि भगताने विळा तापवून गळ्यावर डाग दिला. ती ओरडली नाही, ओरडायला आवाज होता कुठे? डाग पिकला, गाठी आत वाढतच राहिल्या. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहून सांगितलं, "चामखिळीच्या जातीचा विषाणू आहे. बहुतेक जन्मताना आईकडून येतो, पण त्यात आईचा दोष नाही. गाठी लेझरने काढू. विषाणू मात्र राहतो, त्या पुन्हा येतील."

काकाने त्यातलं अर्धंच वाक्य घरी आणलं. "तुज्याच अंगातनं आलं हाय ते!" म्हणत त्याने काकूला केस धरून अंगणात ओढलं आणि बैलाच्या कासऱ्याने झोडपलं. वंदीने तोंड उघडलं, नुसती हवा आली. मग तिने शेतातली पाखरं हाकायचा पत्र्याचा डबा उचलला आणि काठीने असा बडवला, की सगळी आळी धावत आली. तोवर तीच काठी काकाच्या पाठीत बसली होती.

तेव्हापासून डबा चुलीपाशी टांगलेला. काकाचा हात उठला, की डबा वाजायचा. गाठी काढल्या, पुन्हा आल्या, पुन्हा काढल्या. शेवटी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. त्या नळीवर बोट ठेवून ती मला म्हणाली होती, "मी मेल्यावर डबा आठवण म्हणून नेऊ नको गं. आईला तो लागंल." शेवटी गाठी खाली फुप्फुसात उतरल्या, त्यातच ती गेली.

दहाव्याचं आटपून माणसं पांगली आणि काका बोललाच, "हिनंच मारली माजी पोर." पायातली वहाण त्याच्या हातात आली. मी उठणार, तोच काकू उठली. जन्मात आवाज न चढवलेल्या त्या बाईने डबा खाली काढला आणि बडवला... पत्रा चेपला तरी बडवत राहिली. काकाचं तोंड हलत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. आळी धावत आली.

परवा गेले होते. चेपलेला डबा चुलीपाशीच आहे. काका हल्ली पडवीत जेवतो.