दोन कोरचा संगणक

२००७ च्या जुलैमध्ये कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ताईच्या दुकानासाठी दोन कोरचा संगणक घेतला. ज्या कामासाठी तो घेतला होता, ते काम सप्टेंबर लागण्यापूर्वी तिच्या हातून गेले.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिचे मराठी टायपिंगचे दुकान होते. आधी टाइपरायटर, नंतर संगणक. प्रतिज्ञापत्रे, प्रबंध, लग्नपत्रिका, एप्रिलमध्ये आमच्या समाजातल्या जयंती मंडळांची पत्रके, एवढ्यावर रोजचा खर्च भागत असे. दुकान टिकून होते ते वारणेकाठच्या एका दूध संस्थेच्या वार्षिक अहवालावर. त्या एका कामातून गाळ्याचे वर्षाचे भाडे निघे.

त्या वर्षी संस्थेच्या सचिवांनी सांगितले की अहवाल रंगीत हवा आणि पानोपानी फोटो हवेत. त्यांनी फोटोंची सीडी आणली होती. ताईच्या जुन्या संगणकावर पहिलाच फोटो उघडला आणि पडदा गोठला. सचिवांनी तक्रार केली नाही. इचलकरंजीत एक छापखाना असली कामे करतो, एवढे त्यांनी सांगितले. "तुमच्याकडं हुतंय का बघा. न्हायतर तसं सांगा, म्हंजे आमाला बरं."

मी एका दैनिकात उपसंपादक होतो. आमच्या कार्यालयात संगणक होते, त्यामुळे मला त्यातले कळते असा घरी समज होता. संगणकाच्या दुकानदाराने दोन कोरचे यंत्र दाखवले. एकाच प्रोसेसरमध्ये दोन प्रोसेसर, फोटोच्या कामाला उत्तम, असे तो म्हणाला. मी होकार दिला.

जोडणीला आलेले गृहस्थ कुरुंदवाडचे होते. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करत. ताईचे मराठी अक्षरांचे सॉफ्टवेअर विंडोज ९८ या जुन्या प्रणालीवर चाले, म्हणून त्यांनी आधी तेच टाकले. सॉफ्टवेअरबरोबर अंगठ्याएवढे एक कुलूप मिळाले होते. ते संगणकाच्या मागे लावले तरच अक्षरे उमटत. ती उमटली. पण पडद्यावर सोळाच रंग दिसू लागले, आणि या प्रणालीला एकच कोर ओळखता येतो, असेही त्यांनी सांगितले.

"आक्का, जोडीतला एकच बैल जुपलाय. दुसरा गोठ्यात वैरण खातोय."

दुसऱ्यालाही जुंपता येईल का, असे मी विचारले.

"ह्या औताला न्हाय जमायचं. औतच बदलाय पायजे."

त्यांनी औत बदलले. विंडोज एक्सपी टाकल्यावर सगळे रंग आले, फोटो झटकन उघडू लागले, आणि एका चौकटीत दोन कोरचे दोन आलेख बरोबरीने वर चढताना त्यांनी बोट ठेवून दाखवले. मात्र या प्रणालीने ताईचे कुलूप ओळखले नाही. ज्याने ते विकले होते त्याचे दुकान बंद झाले होते. खोक्यावरच्या क्रमांकाला फोन लावला तर नुसती घंटी वाजत राही.

एक्सपीमध्ये स्वतःची मराठी होती. तिच्यातली अक्षरे टाइपरायटरपेक्षा वेगळ्या कळांवर होती. ताई टायपिंग क्लासमध्ये शिकलेली. काम करताना तिची नजर कागदावर असे, कळांकडे ती पाहत नसे. आता तिला मान खाली घालून एकेक अक्षर शोधावे लागले. एका पानाला अख्खी दुपार गेली. ते पान मजकूर आणि फोटोंची जुळणी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेले, तर अक्षरांच्या जागी चौकोन उमटले.

मी चौकशी सुरू केली. इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक म्हणाले की लिनक्स घ्या, फुकट आहे आणि कितीही कोर असले तरी सगळ्यांना कामाला लावते. त्यांनी सीडी दिली. दोन्ही कोर चालले. पानांच्या जुळणीचे सॉफ्टवेअर तिथे चालत नव्हते आणि प्रिंटर हलला नाही. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने एकाच यंत्रात दोन प्रणाली ठेवायला सांगितले. कुरुंदवाडच्या गृहस्थांनी तसे करून दिले. ताई ९८ मध्ये मजकूर लावी, यंत्र बंद करून एक्सपीत फोटो बसवी आणि शब्द बदलायचा झाला की पुन्हा बंद करून ९८ मध्ये जाई. अध्यक्षांचे मनोगत तर रोज बदलून येत होते. प्रत्येकाने सांगितलेले मी दुसऱ्याकडून पडताळून घेतले. कोणाचेही खोटे निघाले नाही.

एका संध्याकाळी ताईने कळफलक बाजूला सारला.

"ह्याची दोन डोकी चालत्यात तवा माझी धा बोटं बंद. माझी बोटं चालत्यात तवा ह्याचं एक डोकं बंद. तू पेपरात हायस की. सांग, कुठलं ठिवू?"

आणखी एकाला विचारतो, असे मी म्हणालो.

"इचारून झालंय की समद्यांस्नी. उत्तर समद्यांकडं हाय. अहवाल कुणाकडं हाय?"

 त्यानंतर तिने कागदाच्या चिकट्यांवर नवी अक्षरे लिहून कळांवर लावली आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा सराव सुरू केला. बोटे जुन्या जागी जात. काही दिवसांनी उलटेही होऊ लागले. ९८ वर काम करताना तिची बोटे नव्या जागा शोधू लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका वकिलांनी तिचे प्रतिज्ञापत्र चुकांसाठी परत पाठवले. त्याच दिवशी तिने चिकट्या काढून टाकल्या.

ऑगस्टच्या अखेरीस सचिव आले तेव्हा निम्मी पाने तयार होती. त्यांनी ती पाहिली, चांगली झाली आहेत असे सांगितले आणि चहा घेतला. "आक्का, सप्टेंबरातली सभा काय कुणासाठी थांबत न्हाय," ते म्हणाले. ताईने हस्तलिखित पानांच्या क्रमाने लावले, सीडी वर ठेवली आणि दोरा बांधून त्यांच्या हातात दिले. मी तिथेच उभा होतो. त्यांना रिक्षा मिळवून द्यायला मी खाली उतरलो.

सभेची बातमी सप्टेंबरमध्ये आमच्या दैनिकात आली. ती मीच लावली. बातमीबरोबर अहवालाची प्रत आली होती. शेवटच्या पानावर अक्षरजुळणीपुढे इचलकरंजीच्या छापखान्याचे नाव होते.

पुढच्या मार्चमध्ये ताईने गाळा सोडला. नवा संगणक घरी आणून जोडला तेव्हा त्यावर फक्त विंडोज ९८ होते.