जांभळ्या बेटावर प्रधानाची गच्छंती

ताईचे सासरे अप्पा गुहागरहून दोह्याला राहायला आले आणि अल गराफाच्या आमच्या घरात राजेशाही सुरू झाली. अप्पा राजे, शेजारचे शिर्केकाका प्रधान. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, मासळी कुठली ताजी, सगळं काकांना विचारून. काकांचं कुटुंब सांगलीला, इथे ते एकटेच. रोज संध्याकाळचा चहा आमच्याकडे, अप्पांच्या शेजारी.

शुक्रवारी जांभळं बेट बघायचं, हेही त्यांनीच ठरवलं. मोबाइलवर फोटो दाखवला: वांग्याच्या रंगाचं पाणी, वर गुलाबी आकाश.

"असा समुद्र जन्मात पाहिला नाही," अप्पा म्हणाले.

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. फोटोचे रंग वाढवलेत, हे मला दिसत होतं. पण माझं मत कोणी मागितलं नव्हतं.

ताई-भावोजींना ड्यूटी होती, म्हणून गाडी मी काढली. उत्तरेला अल खोरपर्यंत सरळ, गुळगुळीत रस्ता, तासाभरात पोहोचतो. बेटावर तिकीट नाही. वाटेत करक चहा घ्या. दुकानासमोर थांबलं की गाडीतच आणून देतात.

"कडक म्हणता येत नाही होय यांना?" अप्पांनी विचारलं. चहा मात्र दोनदा घेतला.

पुढच्या सीटवर माझी भाची इरा सोमवारच्या पेपरसाठी इंग्लंडचा इतिहास पाठ करत होती. तिला मराठी कळतं. उत्तर इंग्रजीत येतं. धडा ट्यूडर राजाचा. लोहाराचा मुलगा हुशारीवर त्याचा मुख्य सल्लागार झाला. राजाला नवी राणी हवी होती, म्हणून या सल्लागाराने एका परदेशी राजकन्येचं चित्र दाखवलं. राजा खूश. पण ती समोर आल्यावर राजाचा चेहरा पडला आणि सल्लागाराचे वैरी टपलेलेच होते.

"मग काय केलं त्याचं?" मागून काकांनी विचारलं.

"दे चॉप्ड हिज हेड ऑफ, काका."

काका मोठ्याने हसले.

बेटावर ओहोटी होती. लाकडी पूल ओलांडला, तर दोन्ही बाजूंना करडा चिखल, पळणारे खेकडे आणि खारफुटी. लांब पाण्यात रोहित पक्षी उभे होते. मला तरी सुंदर वाटलं.

"अहो शिर्के, जांभळं कुठाय?"

"पूर्वी इथे शंखांपासून जांभळा रंग काढायचे, अप्पा. म्हणून नाव..."

"पूर्वी! आणि ही झाडं?"

"खारफुटी."

"कांदळ म्हणतात त्याला. माझ्या घराच्या पाठीमागे आहे. हे बघायला समुद्र ओलांडून आलो मी?"

"भरती असती तर..."

"भरतीला आमचंही जांभळं होत नाही!"

परतताना अप्पा पुढे बसले. काका सगळ्यात मागे, पाण्याच्या खोक्याला टेकून. इरा कुजबुजली, "मावशी, ही इज इन द टॉवर." राजाची मर्जी गेलेल्यांना लंडनच्या त्या किल्ल्यात कोंडत असत.

तुम्ही जाणार असाल तर भरतीची वेळ बघून जा, जुन्या चपला घाला आणि बरोबरच्यांना आधी फोटो दाखवू नका. मी पुन्हा जाईन. एकटी.

शनिवारी काका चहाला आले नाहीत. रविवारीही नाहीत. मी फोन केला, तर म्हणाले, "ऑफिसचं काम आहे गं," आणि मागे टीव्ही चालू होता. इकडे अप्पांनी गोळी एकदा जेवणाआधी घेतली, एकदा नंतर, आणि दोन्ही वेळा दाराकडे पाहिलं.

सोमवारी इरा पेपर देऊन आली. "अप्पा, द किंग वॉज सॉरी आफ्टरवर्ड्स."

मी अर्थ सांगितला: राजाला नंतर पस्तावा झाला, इतका इमानी माणूस पुन्हा मिळाला नाही.

"मग बोलवायचं परत."

"हाऊ? नो हेड!"

एवढं इंग्रजी अप्पांना कळलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"शिर्क्यांचं आहे ना अजून जागेवर? लाव फोन."

काका पाच मिनिटांत आले, इस्त्रीच्या शर्टात. कोणीच बेटाचा विषय काढला नाही. त्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि हळूच म्हणाले, "आलं कमी आहे."

"ऐकलंस ना?" अप्पा माझ्यावर ओरडले. "आलं वाढव!"