गावाकडे पाठ करून

आबा गावाचं चित्र काढायचे ते गावाकडे पाठ करून. बेडशाच्या शिवेवर गोणपाट अंथरायचे, डोंगराकडे तोंड करून बसायचे आणि पाठीमागचं गाव कागदावर उतरवायचे. कुणी टोकलं की म्हणायचे, “बगून काडलं की नुसती भोकं दिसत्यात.” त्यांच्या चित्रात सगळी छपरं नवी शाकारलेली आणि सगळ्या गाई गुबगुबीत. लोणावळ्याचे बंगलेवाले ती चित्रं हौसेने घेत.

हे माझे चुलतसासरे. माझं लग्नच मुळी त्यांच्या चित्रावर ठरलं. डोंगराकडच्या गावात मुलगी द्यायला आई तयार नव्हती. पोरीने पाणी कुठून आणायचं, हा तिचा घोर. आबा आमच्याकडे तळेगावला बोलणी करायला आले ते त्यांच्या घराचं चित्र घेऊनच. अंगणात छान बांधीव विहीर होती. आईने होकार दिला. वडील घर बघायलाही गेले नाहीत.

लग्न होऊन आले, तर विहीर कुठेच नाही! मी मेली घराला दोन फेऱ्या मारून आले. वाटलं, भलत्याच दारात आणून सोडलं की काय. सासूबाईंनी हंडा दिला आणि खालच्या ओढ्याची वाट दाखवली. आबांना विचारलं, तर तेच गोंधळले.

“हीर न्हाई व्हय हितं?” म्हणाले, आणि अंगणात जाऊन खरंच बघून आले.

दुसऱ्या दिवसापासून कळशी घेऊन ते माझ्याबरोबर ओढ्यावर यायला लागले. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. वाटेत नुसते निसरडे दगड, आणि हे मला बजावणार, “पायऱ्या हायेत, जपून उतर.” म्हातारा वेडा की लबाड, मला काही उमजेना. राग यायचा, आणि ते आले नाहीत तर करमायचंही नाही.

दिवाळीला वडील न्यायला आले आणि सगळं बघून भडकलेच. पोर परत पाठवणार नाही, म्हणाले. आबांनी मान खाली घातली. “तिलाच इचारा,” एवढंच बोलले. कायमची येते, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणून बसले, “भाऊबीज झाली की परत येईन.” असं का म्हणाले, देव जाणे.

आबा गेले त्या वर्षी त्यांनी एकच चित्र काढलं होतं. ओढ्याची वाट, आणि डोक्यावर हंडा घेऊन हसत येणारी मी. ते बघून मला रडू फुटलं. मी नवऱ्याला म्हटलं, आबांनी हेही मनाचंच काढलं, पाणी आणताना कुणी असं हसतं का?

तो म्हणाला, “रोज हसायचीस की. पार घरापातुर ऐकू यायचं.”

मला तर काहीच आठवत नाही.