देवराईतून काढलेली वाट

गावच्या ग्रुपवरच्या पोरांनो, वळखलं का मला? का सुट्टीला आल्यावर चार्जर विसरून जाता, तशी आजीबी हितंच विसरून गेलायसा? मी सांगतीया, नात लिहितीया.

डोंगर चढायला येणाऱ्या पावण्यांसाठी आपलं गाव पायवाट काढतंय. त्यातनं देवराई राखायची, म्हणून सगळ्यांनी देवळात भंडारा उचलून शपथ घेतली, की वाट देवराईच्या कडंनं जाईल, आत कुऱ्हाड जाणार न्हाई. पहिला भंडारा माझ्या पुतण्यानं, दत्तानं उचलला. म्हणून तर काम त्याच्या हातात दिलं.

आज सकाळी वर गेले. देवराईपाशी सवयीनं चपला काढल्या आणि बघते तर समोर तोडलेल्या झाडांचे ताजे बुंधे. वाट थेट आतनं काढलीय.

दत्ता तिथंच उभा होता. म्हणला, "काकी, कडंनं लय लांब पडतं. पावणं दमत्यात."

"डोंगर चढायलाच येत्यात न्हवं? मग पालखीत बसवून आण की!"

तो हसला. "तू कशाला ताण घेतीस? देवाला नारळ फोडलाय मी."

ह्याला मी कडेवर घेऊन ह्याच देवराईतली जांभळं चारली. आन ह्यानं शपथ मोडली, तीबी एका नारळावर भागवून.

वाट अजून अर्धीच झालीय. उद्या उजाडलं की मी तिच्यात जाऊन बसणार. तुमच्यातलं कोण येतंय शेजारी बसायला?

जमत नसलं तर घरी फोन करा आणि माझ्यासाठी भाकरी, खर्डा धाडायला सांगा. दत्ताच्या घरचं कायबी नको.