चवींची भांडणं मिटवणाऱ्या अक्का

अक्का आमच्याकडे आल्या की आधी स्वयंपाकघरात शिरायच्या. 'या, बसा' म्हणायची सोयच नव्हती. कढईवरचं झाकण उचलायचं, डोळे मिटून वास घ्यायचा आणि निकाल देऊन टाकायचा, "हाई भाजी भांडी ऱ्हायनी." म्हणजे आतल्या चवी एकमेकींशी भांडताहेत. मी संगमनेरकडची, नुकतीच धुळ्याला सासरी आलेली. अहिराणी अर्धीमुर्धीच कळायची, पण ही बाई माझ्या भाजीला नावं ठेवतेय एवढं पक्कं कळायचं. असा राग यायचा म्हणून सांगू! शेजारीण झाली म्हणून काय कुणाच्याही कढईत डोकावायचं?

वाईट हे, की त्यांचं खरं निघायचं. एकदा मी मेथीची भाजी आणि कारली एकाच जेवणाला केली. अक्का म्हणाल्या, "दोन सासवा एका घरमा! ना गूळ, ना चिंच. भांडन कोनी सोडवावं?" त्यांचं म्हणणं असं, की दोन चवी जुळतात त्या एक तर दोघींत काही सारखं असलं म्हणून, जसं भाजलेलं वांगं आणि भाजलेले शेंगदाणे. नाही तर एकीकडे नाही ते दुसरी देते म्हणून, जसं ठेच्याला दही. आणि दोघीही मोठ्यानं बोलायला लागल्या की जेवणाचा विचका. "एक बोलनी, का दुसरीनी ऐकाले पाहिजे," हे त्यांचं पालुपद. हळूहळू मीच झाकण उचलून त्यांची वाट पाहायला लागले.

मग नानांना, माझ्या सासऱ्यांना, कॅन्सर निघाला. औषधं सुरू झाली आणि त्यांच्या तोंडाची चवच बिघडली. वजन उतरत चाललं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन असंच घटत राहिलं तर उपचार मध्येच थांबवावे लागतील. गल्लीतून मऊ खिचडीचे डबे येऊ लागले. आजारी माणसाला फिकं द्यायचं, ही आपली रीतच. मीही तिखट, आंबट सगळं बंद केलं. नाना दोन घास खाऊन ताट सरकवायचे आणि "छान झालंय" म्हणायचे. वरणातल्या मिठावरून रोज मला धारेवर धरणारा माणूस फिक्या खिचडीला छान म्हणतोय!

अक्कांनी सरळ नानांनाच विचारलं, "नाना, तोंडले लागस तरी काय?"

घरात कुणालाच हे विचारायचं सुचलं नव्हतं. नाना म्हणाले, "पानी भी लोखंडगत लागस, अक्का."

"मंग फिकं कसाले?" अक्का माझ्याकडे वळल्या. "फिक्यामा लोखंडच बोलस!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिकरण आणलं. यावलला त्यांच्या भावाची केळीची बाग, तिथली केळी. नानांना ते खाऊन लगेच उलटी झाली. मी तडकले, "राहू द्या आता अक्का, तुमचे प्रयोग!" अक्का उठल्या. फडकं घेऊन स्वतः फरशी पुसली आणि म्हणाल्या, "गोड जमनं नही. आते आंबटले इचारूत."

मी डॉक्टरांना फोन केला. तोंड आलेलं नसेल तर आंबट द्यायला हरकत नाही, म्हणाले. मग अक्कांनी अंबाडीची भाजी केली. ज्वारीच्या कण्या घालून मऊ शिजवलेली, गुळाचा खडा, वर लसणाची फोडणी. गरम अन्नाचा वास नानांना नकोसा होई, म्हणून ती पार गार केली. स्टीलचा चमचा बाजूला ठेवायला लावला, काचेच्या बशीत वाढली. नानांनी बोटांनी थोडी चाखली. पुन्हा घेतली. बशी निम्मी झाली.

"मीठ कमी शे," नाना म्हणाले.

देवा रे! कुणी माझ्या रांधण्याचं कौतुक केलं असतं तरी इतका आनंद झाला नसता. मीठ आणायला धावले ती रडत रडतच.

पुढे रोजच ते जमलं असं नाही. कधी अंबाडीही नकोशी व्हायची, मग ताकाला लिंबू, कधी कैरीचं पन्हं. पण वजन उतरायचं थांबलं आणि उपचार पुरे झाले. नाना परत चौकात जाऊन गप्पा छाटायला लागले.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला तशा अक्का मुलाकडे जळगावला गेल्या. गल्ली एकदम मुकी झाली. मागच्या महिन्यात नानांनी जाहीर केलं, "अक्कांसाठी भाजी मी करणार." जन्मात गॅस पेटवला नव्हता या माणसानं! ओटाभर अंबाडी सांडली, मला आत येऊ दिलं नाही. डबा नानांच्या मांडीवर, असं आम्ही दोघांनी एसटीनं जळगाव गाठलं.

अक्का फार थकल्या होत्या. पलंगावरच उशीला टेकून बसल्या. एक घास तोंडात घोळवला. नाना समोर, निकालाला आलेल्या पोरासारखे.

"लसूण जळना, नाना." फोडणीतला लसूण करपला होता खरा.

"हा ना, अक्का," नाना एवढे खुशीत म्हणाले, "माले भी कडू लागना!"